एस्ट्राडांचा उदय आणि अस्त, एका गाडीत बसून: मनिलातील एका सहलीचा अनुभव

मनिलाला जाणारा प्रवासी सहसा इंत्रामुरोसची जुनी स्पॅनिश तटबंदी पाहतो, रिझाल उद्यानात फेरफटका मारतो आणि उरलेला वेळ रहदारीत घालवतो. मी मात्र एक संपूर्ण दिवस वेगळ्या कामासाठी राखून ठेवला होता. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांच्या कारकिर्दीशी निगडित ठिकाणे दाखवणारी एक सहल तेथील एक लहानशी संस्था चालवते. चित्रपटांचा नायक, मग नगराध्यक्ष, सिनेटर, उपराष्ट्राध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष आणि शेवटी लुटीच्या गुन्ह्यातील दोषी आरोपी, हा सारा प्रवास ज्या ज्या जागी घडला त्या त्या जागी उभे राहून समजून घ्यावा, अशी त्यामागची कल्पना आहे. संस्थेचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण असे विषय हाताळण्याचे धाडस करणाऱ्या संस्था फार नाहीत आणि माझ्या निम्म्या तक्रारी खरे तर मनिलाच्या रस्त्यांविषयी आहेत.

शुल्कात वातानुकूलित गाडी, चालक, इंग्रजी बोलणारी मार्गदर्शिका, पिण्याचे पाणी आणि जुन्या छायाचित्रांची एक जाड वही एवढ्या गोष्टी मिळतात. जेवण ज्याचे त्याने घ्यायचे. आम्ही नऊ जण होतो. त्यांपैकी सहा जण बालिकबायान, म्हणजे परदेशी नोकरी करून सुटीवर मायदेशी आलेले फिलिपिनो होते. ते मार्गदर्शिकेला ‘आते’, म्हणजे ताई, म्हणत होते; दुपारपर्यंत मीही तसेच म्हणू लागले. या आतेबद्दल आधीच सांगते, कारण सहलीचे सारे यश तिच्या पदरात टाकावे लागेल. तिला तारखा तोंडपाठ आहेत, न्यायालयाची भाषा सोपी करून सांगता येते आणि जानेवारी २००१ मध्ये आपण स्वतः काळे कपडे घालून रस्त्यावर उतरलो होतो, हे ती आरंभीच मोकळेपणाने सांगून टाकते.

सकाळी सातला एर्मितातून गाडी निघाली. मनिला महापालिकेचा घड्याळाचा मनोरा डावीकडून मागे गेला, तेव्हा एका सहप्रवाशाने एस्ट्राडांचे येथील दिवस केव्हा पाहायचे असे विचारले. ‘त्याची वेळ अजून आलेली नाही,’ असे उत्तर मिळाले. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण त्या दिवशी ती वेळ आलीच नाही.

सहलीची सुरुवात तोंदोपासून होते. १९ एप्रिल १९३७ रोजी एस्ट्राडांचा जन्म या वस्तीत झाला, आणि मनिलाच्या गरिबीचे नाव म्हणून तोंदो सगळ्या देशाला ठाऊक आहे. मात्र मूल तोंदोत जन्मले म्हणून घर दरिद्री होते असे नाही. वडील अभियंता होते, मुलांना चांगल्या शाळांत घातले जात होते आणि आतेनेओ या नामांकित शिक्षणसंस्थेतून या मुलाला काढून टाकण्यात आले होते. घराण्याचे खरे आडनाव एहेर्सितो. सिनेमाच्या धंद्यात ते आडनाव नको असा घरच्यांचा हट्ट होता, म्हणून त्याने ‘एस्ट्राडा’ हे नाव घेतले. ‘एराप’ हे लाडके नाव म्हणजे मित्राला हाक मारण्याचा ‘पारे’ हा शब्द उलटा वाचलेला. पुढचा थांबा कियापोचा होता. त्याच भागातील एका भणंग पण दिलदार तरुणाची भूमिका त्यांनी १९६४ साली केली होती. पडद्यावर गरिबाची बाजू घेऊन मार खाणारा आणि मारणारा हा माणूस प्रत्यक्षात गरीब नाही, हे मतदारांना ठाऊक होते. तरीही बाकीचे पुढारी निदान पडद्यावरसुद्धा आपल्या बाजूचे नव्हते, अशी आतेची मांडणी आहे. मला ती पटली. या दोन्ही ठिकाणी उतरून चालायला मिळते आणि सकाळची वेळ असल्याने उकाडाही सुसह्य असतो.

कियापोहून सान हुआनकडे जाताना गाडी मेंदिओलाच्या तोंडावरून गेली. राष्ट्राध्यक्षांच्या मालाकान्यांग प्रासादाकडे जाणारा हा रस्ता आंदोलकांच्या जमावांनी आणि पोलिसांच्या अडथळ्यांनी अनेकदा पाहिलेला आहे. येथेही थांबलो नाही, कारण कालक्रमाने आम्ही अजून १९६९ सालातच होतो. सहलीच्या आखणीतील मुख्य दोष या ठिकाणी पहिल्यांदा नजरेत भरतो. ठिकाणे शहराच्या नकाशाप्रमाणे न घेता सालांप्रमाणे घेतलेली आहेत, त्यामुळे गाडी उत्तरेकडून दक्षिणेला आणि दक्षिणेकडून पुन्हा उत्तरेला धावत राहते, किंवा खरे सांगायचे तर उभी राहते. जिथे जवळून जातो तिथे उतरत नाही आणि जिथे उतरतो तिथे पोहोचेपर्यंत माणूस कंटाळलेला असतो.

सान हुआनचा भाग लवकर उरकला जातो आणि ते योग्यच आहे. मतमोजणीला न्यायालयात आव्हान देऊन एस्ट्राडा १९६९ साली येथील नगराध्यक्ष झाले आणि १९८६ साली मार्कोस राजवट कोसळेपर्यंत त्या खुर्चीवर राहिले. १९८७ साली ते सिनेटवर निवडून आले. अमेरिकी लष्करी तळांची मुदत वाढवणारा करार १६ सप्टेंबर १९९१ रोजी ज्या १२ सिनेटरांनी ११ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला, त्यांपैकी ते एक होते. त्यांना केवळ विनोदाचा विषय समजणाऱ्यांनी हे मत विसरू नये. फिलिपिन्समध्ये उपराष्ट्राध्यक्षाची निवडणूक स्वतंत्र होते. १९९२ साली त्यांच्या जोडीचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पडला, पण ते स्वतः उपराष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्याकडे गुन्हेगारीविरोधी आयोगाचे प्रमुखपद आले. १९९८ साली ‘एराप पारा सा माहिराप’, म्हणजे ‘एराप गरिबांसाठी’, या घोषणेवर सुमारे ४० टक्के मते मिळवून ते राष्ट्राध्यक्ष झाले. वहीत त्या प्रचाराची जी छायाचित्रे आहेत, ती पाहताना गर्दीतील माणसांच्या चेहऱ्यांवरून नजर हलत नाही.

जेवणानंतर गाडी पासायला गेली. समुद्र हटवून तयार केलेल्या जमिनीवर जीएसआयएस, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन संस्थेची, प्रचंड इमारत आहे आणि सिनेटचे कामकाज १९९७ पासून त्याच इमारतीत चालत आले. आत प्रवेश नव्हता. आम्ही बाहेर, जेमतेम सावलीत, सुमारे पाऊण तास उभे होतो. तरीही सगळ्या दिवसात मला सर्वांत अधिक काही शिकवणारा हाच पाऊण तास ठरला.

आतेने सुरुवात हुएतेंगपासून केली. मटका ज्याला ठाऊक आहे त्याला हुएतेंग समजायला दोन मिनिटे पुरतात. १ ते ३७ मधील दोन आकडे निवडायचे, अगदी किरकोळ रक्कम लावायची आणि सोडतीची वाट पाहायची. कुब्रादोर म्हणून ओळखला जाणारा वसुलीदार घरोघरी फिरून पैसे आणि आकडे गोळा करतो. त्याच्यावर मुकादम असतो, मुकादमावर शेठ असतो आणि शेठच्या वर पोलिसांपासून पुढाऱ्यांपर्यंत हप्त्याची शिडी असते. खेळ बेकायदा आहे आणि तरीही तो गावोगावी चालतो, याचे कारण त्या शिडीत आहे. ऑक्टोबर २००० मध्ये इलोकोस सुर प्रांताचे राज्यपाल आणि एस्ट्राडांचे जुने मित्र लुईस ‘चाविट’ सिंगसन यांनी असा आरोप केला की हप्त्याची ही शिडी थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाते आणि हुएतेंगच्या पैशातून सुमारे ४० कोटी पेसो त्यांना पोहोचवले गेले आहेत. पूर्वी गुन्हेगारीविरोधी आयोग चालवलेल्या माणसावर हा आरोप होता. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा प्रकार तो हाच.

पुढचा महाभियोगाचा भाग आतेने इतका रंगवून सांगितला की रस्त्यावरचे दोन शाळकरी मुलगेही ऐकत उभे राहिले. १३ नोव्हेंबर २००० रोजी प्रतिनिधिगृहाचे सभापती मॅन्युएल व्हियार यांनी सुरुवातीची प्रार्थना म्हणता म्हणता महाभियोगाची कलमे मतदान न घेताच सिनेटकडे रवाना केली, कारण आवश्यक त्या एक तृतीयांश सदस्यांच्या सह्या आधीच झाल्या होत्या. ७ डिसेंबरला सुनावणी सुरू झाली. सरन्यायाधीश हिलारिओ दाविदे अध्यक्षस्थानी होते, सिनेटर न्यायाधीशांच्या आसनांवर होते आणि देश दूरचित्रवाणीसमोर बसलेला होता. बँकेतील अधिकारी क्लारिसा ओकाम्पो यांनी साक्ष दिली की ५० कोटी पेसोंच्या गुंतवणुकीशी संबंधित कागदांवर एस्ट्राडांनी ‘होसे वेलार्दे’ या नावाने सही केली आणि ती करताना त्या स्वतः त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. १६ जानेवारी २००१ च्या रात्री बँकेच्या कागदपत्रांचे एक बंद पाकीट उघडावे की नाही यावर मतदान झाले आणि ११ विरुद्ध १० मतांनी ते न उघडण्याचे ठरले. फिर्यादी पक्ष सभागृह सोडून बाहेर पडला, सिनेटचे अध्यक्ष आकिलिनो पिमेंतेल यांनी अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले आणि त्याच रात्री मोबाइलवरच्या लघुसंदेशांनी लोकांना एद्सा या महामार्गाकडे बोलावले.

येथे मला एक गोष्ट खटकली, आणि ती संस्थेने सहज दुरुस्त करण्यासारखी आहे. एस्ट्राडांना पुढे ज्या आरोपांखाली शिक्षा झाली, त्यांपैकी एक आरोप असा होता की सरकारी निवृत्तिवेतन संस्थांना बेल कॉर्पोरेशन या कंपनीचे शेअर घ्यायला लावून त्या व्यवहारातले कमिशन त्यांनी घेतले. त्या संस्थांपैकी एक म्हणजे हीच जीएसआयएस. ज्या इमारतीसमोर आम्ही उभे होतो ती इमारत त्याच संस्थेची आहे. हे सांगायला एक वाक्य पुरले असते, पण सहलीत ते वाक्य नाही.

पासायहून ऑर्तिगासच्या चौकात पोहोचायला दीड तास लागला. या दीड तासात दाखवलेली ध्वनिचित्रफीत धूसर होती आणि गाडीच्या मागच्या रांगेत आवाज पोहोचत नव्हता. एद्सा हे एपिफानिओ दे लोस सांतोस अव्हेन्यूचे संक्षिप्त नाव, आणि त्याच रस्त्यावर, एका मोठ्या मॉलला खेटून, मेरीमातेच्या कांस्यपुतळ्याचे प्रार्थनास्थळ उभे आहे. १९८६ साली मार्कोस यांच्याविरुद्ध याच रस्त्यावर लोक जमले होते. २००१ च्या जानेवारीत पुन्हा जमले. १९ तारखेला सेनादलप्रमुख आंखेलो रेयेस यांनी एस्ट्राडांची साथ सोडली. २० तारखेला याच ठिकाणी दाविदे यांनी उपराष्ट्राध्यक्ष ग्लोरिया माकापागाल आरोयो यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली आणि एस्ट्राडा कुटुंबासह प्रासादामागच्या पासिग नदीतून होडीने बाहेर पडले. त्यांनी राजीनामा लिहून दिला नव्हता, तरी त्यांच्या वागण्यातून तो दिल्यासारखाच होता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च रोजी दिला.

आते हे सांगताना तिचा आवाज वीस वर्षांनी तरुण होतो. मात्र छायाचित्रांच्या वहीत जानेवारीच्या गर्दीची चौदा छायाचित्रे आहेत, तर त्याच जागी एप्रिलअखेरीस जमलेल्या गर्दीचे एकच आहे. २५ एप्रिल रोजी एस्ट्राडांना अटक झाली. जवळच्याच कॅम्प क्रामे या पोलीस मुख्यालयात त्यांच्या बोटांचे ठसे घेतले गेले, आरोपी म्हणून त्यांचे छायाचित्र काढले गेले आणि ते छायाचित्र देशभर पोहोचताच त्यांचे समर्थक याच मेरीमातेच्या पायाशी गोळा झाले. ही गर्दी जानेवारीच्या गर्दीपेक्षा गरीब होती. १ मेच्या पहाटे त्यातील मोठा जमाव मालाकान्यांगवर चालून गेला, मेंदिओलाजवळ पोलिसांशी चकमकी झाल्या, काहींचा मृत्यू झाला आणि आरोयो यांनी बंडाची स्थिती घोषित केली. सहलीत या साऱ्याला दोन-तीन मिनिटे मिळतात आणि शब्द वापरला जातो तो ‘दंगल’.

आमच्यातील एक बालिकबायान बाई, वयाने साठीच्या आसपास, इथपर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या की त्या वर्षी त्या हाँगकाँगमध्ये घरकाम करत होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ मेच्या गर्दीत होता. जानेवारीत जमणाऱ्यांना लोक म्हणतात आणि मेमध्ये जमणाऱ्यांना जमाव म्हणतात, याची त्याला चीड यायची, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आतेने वाद घातला नाही. आपण सहलीचा हा भाग ज्या बाजूला उभ्या होतो त्या बाजूनेच सांगतो, हे तिने मान्य केले. मार्गदर्शकाने असे कबूल करणे मी क्वचितच पाहिले आहे, आणि सहलीला मी दिलेल्या गुणांपैकी निदान दोन या एका उत्तराचे आहेत.

न्यू मनिलातील थांबा मात्र वगळला तरी चालेल. ‘बोराकाय हवेली’ म्हणून गाजलेल्या घराच्या बंद दारासमोर उभे राहून त्यातील वाळूच्या आणि लाटांच्या तलावाची वर्णने ऐकायची, एवढाच तो कार्यक्रम आहे. ही मालमत्ता न्यायालयाने जप्त ठरवली, त्यामुळे तिचा विषयाशी संबंध आहे हे खरे. परंतु तेथे कुजबुजीला पंचवीस मिनिटे दिली गेली आणि प्रत्यक्ष निकालाला त्याहून कमी वेळ उरला.

निकालाच्या जागी, म्हणजे केसोन सिटीत कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर असलेल्या सांदिगानबायान या भ्रष्टाचारविषयक विशेष न्यायालयासमोर, आम्ही पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि फाटके बंद होती. आतेने गाडीतच निकालाचा सारांश सांगितला. सार्वजनिक पदावरून ५ कोटी पेसो किंवा त्याहून अधिक रक्कम गैरमार्गाने गोळा करणे हा ‘लूट’ नावाचा गुन्हा ठरतो, आणि हा गुन्हा निर्माण करणारा मूळ कायदा १९९१ सालचा, म्हणजे एस्ट्राडा स्वतः सिनेटर असतानाचा आहे. या कायद्याला त्यांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये फेटाळले. १२ सप्टेंबर २००७ रोजी तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठाने त्यांना दोषी ठरवून ‘रेक्लुसिओन पेर्पेतुआ’ ही जन्मठेपेच्या जातीची शिक्षा दिली. हुएतेंगच्या ५४ कोटी ५२ लाख ९१ हजार पेसोंचा आणि शेअर व्यवहारातील १८ कोटी ९७ लाख पेसोंच्या कमिशनचा हिशेब त्या निकालात आहे. खोट्या शपथेच्या वेगळ्या खटल्यात मात्र ते निर्दोष सुटले. सहआरोपी असलेले त्यांचे पुत्र हिंगोय आणि वकील एदवार्द सेरापिओ हेही सुटले. ही सुटकेची बाब सहलीच्या पत्रकात नाही. मी विचारल्यावर आतेने ती लगेच सांगितली, म्हणजे माहितीची उणीव नाही. पत्रक लिहिणाऱ्याला ती सोयीची वाटली नसावी.

आणि येथे सहल संपते. ‘अस्त’ हा शब्द उच्चारला जातो, सर्वांचे आभार मानले जातात आणि गाडी मुक्कामाकडे वळते. माझा मुख्य आक्षेप याच जागेला आहे, कारण अवघ्या सहा आठवड्यांनी, २५ ऑक्टोबर २००७ रोजी, त्यांना पदच्युत करून सत्तेवर आलेल्या आरोयो यांनीच त्यांना माफी दिली. आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असे एस्ट्राडांनी जाहीर केल्याचा उल्लेख माफीच्या त्या आदेशात होता. २०१० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि बेनिग्नो आकिनो तिसरे यांच्या खालोखाल दुसरे आले. २०१३ मध्ये आल्फ्रेदो लिम यांना हरवून ते मनिलाचे महापौर झाले. माफीतील तो उल्लेख म्हणजे अट नव्हे आणि त्यांचे राजकीय हक्क पूर्ण परत मिळाले आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये सांगितले. दरम्यान आरोयो यांच्यावरच लुटीचा खटला उभा राहिला आणि एस्ट्राडांना पूर्वी जेथे ठेवले होते त्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांना अटकेत राहावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने तो खटला २०१६ मध्ये काढून टाकला. एस्ट्राडांना मनिलाच्या खुर्चीवरून अखेर मतदारांनीच, २०१९ साली, खाली उतरवले. त्यांना हरवणारे इस्को मोरेनो हे तोंदोच्या झोपडवस्तीत वाढलेले, सिनेमात काम केलेले आणि एके काळचे त्यांचेच उपमहापौर. म्हणजे कथा फिरून तोंदोत आणि पडद्यावर आली होती, तेव्हा सहल बारा वर्षे आधीच गाडीत बसून घरी निघाली होती.

एवढे असूनही मी ही सहल घ्यावी असेच सांगेन, विशेषतः सिनेटसमोरच्या त्या पाऊण तासासाठी. चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: सोमवार ते शुक्रवारच्या ऐवजी रविवारी जावे, म्हणजे रस्त्यावरचे दोन तास वाचतील; टोपी आणि छत्री दोन्ही जवळ असू द्यावीत; गाडीत पुढच्या दोन रांगांत जागा धरावी; आणि मेंदिओलाच्या तोंडाशी गाडी थांबवायला सकाळीच सांगून ठेवावे, कारण विनंती केली तर चालक थांबतो असे मला नंतर कळले.

मुक्कामी परतल्यावर मी संस्थेला सविस्तर लिहिले. मेच्या गर्दीची आणखी छायाचित्रे वहीत घालावीत, हवेलीचा थांबा काढावा आणि शेवटचा थांबा न्यायालयाऐवजी महापालिकेच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली घ्यावा, अशा माझ्या सूचना होत्या. तिसऱ्याच दिवशी नम्र उत्तर आले. छायाचित्रांची सूचना त्यांनी मान्य केली होती, हवेली लोकांना आवडते म्हणून ती राहील असे कळवले होते, आणि महापालिकेसमोर सायंकाळी गाडी उभी करायला जागा मिळत नाही, असे लिहिले होते.